कॅरूनचा चेहरा

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या एका शेतात रात्री रॉकेट कोसळतं. अंतराळात गेले होते तिघे, परतलेला एकच, व्हिक्टर कॅरून. उरलेल्या दोघांचे पोशाख तेवढे सापडतात. आत माणूस नाही. १९५५ सालच्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या कृष्णधवल ब्रिटिश चित्रपटाची ही सुरुवात. भयपट पुष्कळ पाहिले, पण कॅरूनला पाहताना पोटात जे कालवतं ते क्वचितच कुठे अनुभवलं.

मूळ कथा नायजेल नील यांची. १९५३ मध्ये बीबीसीने ती सहा भागांत दाखवली, तीही लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपण करून. पैशांची ओढाताण एवढी, की शेवटच्या भागातला राक्षस खुद्द लेखकाने साकारला. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला भोकं पाडली, हातमोज्यांना झाडपाला डकवला आणि नील यांनी मागून आपले हात आत सरकवले. तरीही घरोघरी माणसं धास्तावली होती!

या मालिकेचे हक्क हॅमर या लहानशा कंपनीने घेतले. त्या वेळी भीषण चित्रपटांना ब्रिटनमध्ये 'एक्स' प्रमाणपत्र मिळे, म्हणजे मुलांना बंदी. इतर निर्माते त्याला बिचकत. हॅमरने मात्र 'एक्सपेरिमेंट'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर गाळून तो एक्सच जाहिरातीत मिरवला.

दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांनी ठरवलं, की हे सगळं बातमीपटासारखं दिसलं पाहिजे, जणू घटना खरोखर घडते आहे आणि कॅमेरा धावत तिथे पोचला आहे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. अग्निशमन दलाचे बंब, पोलीस, गर्दी हे ओळखीचं जग आधी डोळ्यांना पटतं, म्हणून पुढचं अशक्यही पटतं.

आणि मग कॅरून. ही भूमिका रंगभूमीवरचे नट रिचर्ड वर्ड्सवर्थ यांची; कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांच्या वंशातले ते. संवाद म्हणाल तर जवळपास नाहीतच. रंगभूषाकार फिल लीकी यांनी त्यांचा मूळचाच हडकुळा चेहरा आणखी ओढलेला केला. खोल गेलेले डोळे, घामाने चिकट झालेली कातडी. अंतराळातून आलेलं काहीतरी या माणसाला आतून पोखरत आहे आणि त्याला ते कळतंय. रुग्णालयात तो निवडुंगावर मूठ आपटतो, तेव्हापासून तो हात माणसाचा राहत नाही. पुढे नदीकाठी बाहुलीशी खेळणारी एक लहान मुलगी त्याला भेटते. ती त्याला चहा देऊ करते, खोटा-खोटा. त्याच्या हातून बाहुली मोडते आणि तो पळत सुटतो. मुलीला इजा होऊ नये एवढं माणूसपण त्याच्यात अजून शिल्लक आहे, हे त्या पळण्यातून समजतं. ती छोटी मुलगी म्हणजे जेन ॲशर, पुढे नावारूपाला आलेली अभिनेत्री.

कॅरूनचं शेवटी ज्यात रूपांतर होतं तो अक्राळविक्राळ जीव लेस बोवी यांनी खाटकाकडे मिळणाऱ्या वजडीला रबर लावून तयार केला. खरं सांगायचं तर तो कॅरूनइतका घाबरवत नाही.

नील यांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. रॉकेट मोहिमेचा प्रमुख शास्त्रज्ञ असलेल्या प्राध्यापक क्वाटरमासच्या भूमिकेतले अमेरिकन नट ब्रायन डॉनलेव्ही त्यांना आडदांड वाटले. मालिकेच्या शेवटी क्वाटरमास त्या जीवात सामावलेल्या तिघाही अंतराळवीरांना हाक घालतो, त्यांच्या माणुसकीला आवाहन करतो. चित्रपटात लंडनची वीज वळवून जीव जाळला जातो. या बाबतीत माझं मत नील यांच्या बाजूने आहे. ज्या चेहऱ्याने तासभर आपल्याला रडवेलं केलं, त्याला शेवटी एक हाकही मिळू नये, हे सलतं.

मालिकेचे आज फक्त पहिले दोन भाग उरले आहेत, त्यामुळे तो शेवट आपल्याला बघता येत नाही. चित्रपट मात्र बघता येतो. बघाल तेव्हा जेम्स बर्नार्ड यांच्या संगीताकडे जरूर कान द्या. त्यांनी फक्त तंतुवाद्यं आणि तालवाद्यं वापरली आहेत. हॅमरसाठी त्यांचं हे पहिलंच काम, आणि पुढे कितीतरी वर्षं ते या कंपनीच्या भयपटांना संगीत देत राहिले.

नमस्कार.