हरलेला डाव पुन्हा मांडताना

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चालू आहेत.]

हळदीचा हंगाम असला की सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला बोलायला सवड नसते. व्यापारी ढिगातलं एक हळकुंड उचलतात, मोडून आतला रंग बघतात, भाव पुकारला जातो आणि घोळका पुढच्या ढिगाकडं सरकतो. इथल्याच एका अडत दुकानात हिशेब सांभाळणारे एक गृहस्थ आपल्याशी बोलायला तयार झाले, नाव न सांगण्याच्या अटीवर. यार्डात त्यांना दिवाणजी म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

दिवसभर पट्ट्या, पावत्या, रोजकीर्द. रात्री जेवणं आटोपली की मोबाईलवर बुद्धिबळ. खेळ शिकवला आजोबांनी, तोही देशी नियमांचा: प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार आणि राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारायची मुभा. मधली कित्येक वर्षं पट माळ्यावर पडून होता. लॉकडाऊनमध्ये जगभर लाखो लोक ऑनलाइन बुद्धिबळाकडं वळले, त्यात हेही होते. तेव्हापासून खेळ सुटलेला नाही. सुधारणा मात्र एका जागी येऊन थांबली आणि दिवाणजींना ते मनापासून लागलं.

[दृश्य: मोबाईलचा पडदा. डाव संपतो, रेटिंगचा आकडा खाली येतो.]

त्या आकड्याविषयी आधी बोलायला हवं, कारण बहुतेकांचं मन तिथंच अडकतं. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. त्याची पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीचा, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, म्हणजे फिडेनं, ती १९७० मध्ये स्वीकारली. हिशेब शक्यतेचा आहे. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल, तर १०० डावांत वरच्या खेळाडूनं साधारण ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत अशी अपेक्षा धरायची. त्याहून जास्त मिळवले तर रेटिंग चढतं, कमी पडले तर उतरतं. ऑनलाइन खेळाच्या मोठ्या साइट्स याच विचाराची पुढची आवृत्ती वापरतात, मार्क ग्लिकमन यांची ग्लिको पद्धत. तुमच्या ताकदीविषयी खात्री किती आहे, हेही ती मोजते. म्हणून नव्या खात्याचा आकडा एका डावात भरपूर हलतो आणि जुन्या खात्याचा थोडाच. लीचेस या साइटवर नवीन खेळाडू १५०० वर सुरू होतो, दुसऱ्या साइटवर सुरुवात वेगळी. दोन साइट्सचे आकडे शेजारी ठेवून स्वतःला जोखण्यात काही अर्थ नाही.

यात एक गोष्ट दडलेली आहे. साइट तुमच्यासमोर नेहमी तुमच्या बरोबरीचा खेळाडू बसवते. तुम्ही सुधारलात की समोरचाही वरच्या ताकदीचा येतो. म्हणजे कितीही प्रगती झाली तरी निम्म्याच्या आसपास डाव हरायचेच. हे माहीत नसलेला माणूस रोज रात्री निराश होऊन झोपतो, आणि त्याचा खेळ खरोखर चांगला होत असेल तरी त्याला ते दिसत नाही. ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं.

दिवाणजींनी सुरुवातीला केलं ते सगळेच करतात. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव खेळ्यांचे व्हिडिओ पाहिले. इटालियन पाहिली, लंडन सिस्टीम पाहिली, मग लंडन सिस्टीम मोडायची कशी तेही पाहिलं. पहिल्या आठ-दहा खेळ्या पाठ झाल्या. पण त्यांचे हरलेले डाव एकामागून एक पाहिले तर ओपनिंगमध्ये हरलेला डाव क्वचितच सापडतो. पंधराव्या खेळीला घोडा फुकट गेलेला असतो. विसाव्या खेळीला समोरच्यानं वजीर आणि हत्ती एकाच वेळी मारात घेतलेले असतात. या पातळीवर डाव हरण्याची कारणं अशीच साधी असतात, आणि ओपनिंग पाठ करण्यात घालवलेला वेळ मला तरी वाया गेल्यासारखा वाटतो.

[दृश्य: गावभागातलं एक जुनं घर. ओसरीवर लाकडी पट, मोहरे मांडलेले.]

बुद्धिबळाच्या बाबतीत सांगली हे साधं गाव नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं महाराष्ट्रातल्या जुन्या खेळाडूंना सांगावी लागत नाहीत. भाग्यश्री साठे, म्हणजे आजच्या भाग्यश्री ठिपसे, इथल्याच. पाच वेळा महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद आणि पद्मश्री. वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटे याही सांगलीच्याच. मोठ्या शहरांतल्या सोयी नसताना या गावातून असे खेळाडू घडले, याचा इथल्या माणसाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा.

हे खेळाडू घडत होते त्या काळात तरुण असलेले एक निवृत्त शिक्षक गावभागात राहतात. दिवाणजी त्यांच्याकडं गेले ते दुकानातल्या एका ओळखीनं. सरांनी रेटिंग विचारलं नाही. म्हणाले, “काल रात्री हरलेला डाव मांड.”

दिवाणजींनी खिशातून मोबाईल काढला.

“मोबाईल राहू दे. पटावर मांड. आठवत नसेल तर आठवेल तिथनं मांड.”

शेवट तेवढा आठवत होता. तोच आपण जवळून पाहू.

[दृश्य: पट वरून. तीनच मोहरे.]

पटाचे उभे पट्टे ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८; घराचं नाव त्यावरून. पांढऱ्याचा राजा ई५ वर, त्याच्या पुढं ई६ वर प्यादं. काळ्याचा राजा ई७ वर, प्याद्याला अडवून उभा. दिवाणजी काळ्या बाजूनं खेळत होते आणि खेळी त्यांची होती. घड्याळात काही सेकंद उरलेले.

काळ्या राजाला जायला तीनच घरं आहेत: डी८, ई८ आणि एफ८. दिवाणजी एफ८ वर गेले. पांढरा राजा एफ६ वर आला. काळा ई८ वर परतला, तोवर पांढऱ्यानं प्यादं ई७ वर ढकललं. आता काळ्याला एकच घर उरतं, डी७. तिथं तो गेला की पांढरा राजा एफ७ वर येतो, प्यादं वजीर होतं आणि डाव संपतो.

तेच, राजा सरळ मागं ई८ वर घेतला असता तर? पांढरा राजा डी६ वर आला की काळ्यानं डी८ वर जायचं, एफ६ वर आला की एफ८ वर. समोरासमोर उभं राहायचं. मग प्यादं ई७ वर येतं ते शह देऊन. काळा राजा ई८ वर येऊन प्याद्यापुढं उभा राहतो. आता पांढऱ्यापुढं दोनच रस्ते: प्यादं सोडून द्यायचं, नाहीतर राजा ई६ वर आणायचा. आणि राजा ई६ वर आला की काळ्याला शह नाही आणि खेळीही नाही. स्टेलमेट. बरोबरी.

जुने खेळाडू हे एका वाक्यात सांगतात: प्यादं शह देत सातव्या ओळीत आलं तर बरोबरी, शह न देता आलं तर हार.

“एफ८ वर का गेलास?” सरांनी विचारलं.

“वेळ नव्हता सर.”

“वेळ नव्हता हे घड्याळाचं झालं. तू एफ८ च का निवडलंस? डी८ का नाही, ई८ का नाही?”

दिवाणजींकडं उत्तर नव्हतं. त्यांनी तिन्ही घरं पाहिलीच नव्हती. हात गेला तिकडं राजा गेला.

त्या संध्याकाळी दोघांनी ती स्थिती कितीतरी वेळा खेळली, बाजू बदलून बदलून. आता दिवाणजी ती झोपेतही वाचवतील.

[दृश्य: रात्र. दिवाणजींच्या घरी स्वयंपाकघरातलं टेबल. मोबाईल, वही, छोटा पट.]

डाव संपल्यावर तो दोघांनी मिळून पुन्हा मांडायचा, ही सांगलीतल्या मंडळांची जुनी रीत. हरलेला विचारतो, जिंकलेला सांगतो, बाजूला बसलेला तिसराच एखादी खेळी सुचवतो. मोबाईलवर हे होत नाही. डाव संपला की पडद्यावर मोठं बटण येतं, नवा डाव. बोट तिथंच जातं. एका रात्रीत दहा डाव होतात आणि एकाही डावातून काही हाती लागत नाही. ऑनलाइन खेळात शिकण्याची जागा नेमकी या बटणाच्या अलीकडं आहे, असं मला हे सगळं पाहताना ठामपणे वाटत गेलं.

दिवाणजींनी दोन बदल केले. पहिला वेळेचा. ते दहा मिनिटांचे डाव खेळत. साइट त्याला रॅपिड म्हणते, पण फिडेच्या नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झच, रॅपिडहूनही झटपट डाव. आता ते पंधरा मिनिटं आणि प्रत्येक खेळीला दहा सेकंद वाढीव, असा डाव खेळतात. रात्री एकच, फार तर दोन. वाढीव सेकंदांमुळं शेवटच्या भागातही विचार करता येतो, आणि शेवटचा भाग खेळल्याशिवाय तो येत नाही.

दुसरा बदल वहीचा. रोजकीर्द जुळल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नाही, तसा हरलेला डाव तपासल्याशिवाय ते पुढचा सुरू करत नाहीत. आधी स्वतः. डाव कुठं फिरला असं वाटतं, तिथं काय दिसलं होतं, समोरच्याची कोणती खेळी लक्षातच आली नव्हती, हे दोन-तीन ओळींत. इंजिन, म्हणजे खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, त्यानंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. स्टॉकफिश हे सगळ्यांसाठी मोफत असलेलं इंजिन जगज्जेत्यापेक्षाही ताकदवान आहे. ते क्षणात सांगतं की अठरावी खेळी चुकली, दोन प्याद्यांइतका तोटा झाला. पण ती खेळी तुमच्या डोक्यात का आली होती, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्हालाच लिहावं लागतं. वही न भरता इंजिन लावलं की माणूस “अरे हो” म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक करतो.

काही आठवड्यांनी वही मागं जाऊन वाचली तेव्हा दिवाणजींना एक गोष्ट ठळक दिसली. त्यांचे बहुतेक मोहरे लांबून आलेल्या उंटानं मारले होते. पटाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला उंट त्यांच्या नजरेतून सुटत होता. कुठल्याही व्हिडिओतून हे कळलं नसतं, कारण हा दोष फक्त त्यांचा आहे. आता खेळी करण्याआधी ते दोन्ही लांब कर्ण नजरेनं फिरून येतात. मग बघतात: समोरचा शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, पुढच्या खेळीत कशाची भीती आहे का.

कोडीही सोडवतात, रोज थोडी. लीचेसवरची कोडी खऱ्या डावांतून काढलेली आहेत आणि सगळी फुकट. मात्र कोड्यात इथं काहीतरी सापडणार हे आधीच माहीत असतं. डावात ते कुणी सांगत नाही. म्हणून सरांचा आग्रह असतो की कोडं पूर्ण मनात सुटल्याशिवाय पहिली खेळीसुद्धा करायची नाही. अंदाजानं मोहरा टाकून बघायची सवय डावात फार महागात पडते.

रेटिंग हळूहळू चढलं. मध्ये पुन्हा घसरलं आणि परत सावरलं. दिवाणजी त्याविषयी आता फारसं बोलत नाहीत. डावाविषयी विचारलं तर अर्धा तास बोलतात.

[दृश्य: रविवार सकाळ. सरांच्या ओसरीवर दिवाणजी आणि आठवीतली एक मुलगी खेळत आहेत. शेजारी बुद्धिबळाचं घड्याळ.]

आता त्यांना खुल्या स्पर्धेत उतरायचं आहे. पटावरचा खेळ वेगळा आहे, हे या ओसरीवर कळतंय. पडद्यावर पट सपाट असतो, इथं हत्तीच्या आड प्यादं लपतं. तिथं चुकीची खेळी यंत्र होऊच देत नाही. इथं मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो, घड्याळ आपणच दाबायचं, प्रत्येक खेळी कागदावर लिहायची. दिवाणजींचा हात अजून मोहऱ्याकडं लवकर जातो. सरांनी त्यावर उपाय सांगितलाय: समोरच्याची खेळी आधी कागदावर उतरवायची, पेन खाली ठेवायचं आणि मगच पटाकडं बघायचं.

समोरची मुलगी सरांकडंच शिकते. तिनं घोडा पुढं टाकला आणि घड्याळ दाबलं. दिवाणजी खेळी लिहितायत. पेन खाली ठेवलं. लांबच्या उंटाकडं त्यांची नजर गेली आहे आणि घोडा मारायचा की नाही, याचा विचार चालू आहे.