त्रिएस्तेत आधी कोण पोचलं?

मंडळी, इटलीतली सेनिओ नदी तुम्हाला ठाऊक असेल ती नामदेव जाधवांमुळे. ९ एप्रिल १९४५ ला मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायाने जखमी सोबत्यांना गोळीबारातून, पाण्यातून पलीकडे नेलं, मग एकट्याने जर्मन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली. त्याच दिवशी शेजारच्या आघाडीवर न्यूझीलंडची डिव्हिजन ती नदी ओलांडत होती. तेवीस दिवसांनी, २ मे रोजी दुपारी, ती त्रिएस्ते या इटलीच्या ईशान्य टोकाच्या बंदरात शिरली. पण तिथे युगोस्लाव्हियाचे कम्युनिस्ट नेते टिटो यांची चौथी आर्मी आदल्याच दिवशी पोचलेली होती.

जर्मन सान जुस्तोच्या किल्ल्यात आणि न्यायालयाच्या इमारतीत अडून बसले होते. शस्त्रं टाकायची किल्ल्यातल्या शिबंदीची तयारी होती, पण टिटोंच्या सैनिकांपुढे नाही. युगोस्लाव्हियात जर्मनांनी जे केलं होतं, त्याचा हिशेब होईल याची त्यांना धास्ती होती. न्यूझीलंडचे सैनिक दिसताच किल्ला त्यांच्या स्वाधीन झाला. न्यायालयातले मात्र ऐकेनात. तिथे न्यूझीलंडच्या रणगाड्यांनी भिंतींवर तोफा डागल्या आणि युगोस्लाव्ह सैनिक आत घुसले. त्या संध्याकाळी एका शहरात दोन विजयी सैन्यं होती, आणि दोघांनाही ते आपल्या ताब्यात हवं होतं.

पुढचे सुमारे चाळीस दिवस कारभार टिटोंच्या लोकांकडे होता. धरपकड झाली, माणसं नाहीशी झाली, कित्येकांना कार्स्ट पठारावरच्या खोल विवरांत टाकलं गेलं. पकडलेल्यांत फॅसिस्ट होते, तसे ३० एप्रिलला जर्मनांविरुद्ध उठाव करणारे इटालियनही होते. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

पण गोष्ट १ मेपासून सुरू केली तर ती अर्धीच राहते, असं माझं ठाम मत आहे. १९१८ पर्यंत हे ऑस्ट्रियाचं मोठं बंदर, मग ते इटलीकडे आलं. शहर बहुतांशी इटालियन, भोवतालची गावं स्लोव्हेन, म्हणजे युगोस्लाव्हियातही राहणाऱ्या एका स्लाव्ह समाजाची. १९२० मध्ये फॅसिस्टांनी स्लोव्हेनांचं ‘नारोद्नी दोम’, म्हणजे त्यांचं सांस्कृतिक केंद्र, जाळलं. मग त्यांच्या शाळा बंद केल्या, आडनावंसुद्धा इटालियन करायला लावली. जर्मन आल्यावर सान सब्बाच्या भातगिरणीत प्रेतं जाळायची भट्टी उभी राहिली. पठारावरच्या ज्या आईने हे सगळं सोसलं, तिला टिटोंचा लाल तारा लावलेला सैनिक मुक्तिदाताच वाटणार.

ब्रिटन-अमेरिकेशी झालेल्या ९ जूनच्या करारानुसार टिटोंचं सैन्य १२ जूनला शहर सोडून गेलं. १९४७ च्या तहाने त्रिएस्तेचा ‘स्वतंत्र प्रदेश’ कागदावर आला, पण त्याचा गव्हर्नर कोण यावर सुरक्षा परिषदेत कधीच एकमत झालं नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये शहर इटलीकडे गेलं, दक्षिणेकडचा बहुतेक भाग युगोस्लाव्हियाकडे. त्यामुळे मुक्ती १ मे ला मिळाली की १२ जूनला, हा वाद त्रिएस्तेत आजही घराघरांत वेगवेगळ्या बाजूने मांडला जातो.