गोठ्याची लाईट येते कुठून?

पहाटेचे पाच वाजलेत. हा आमचा गोठा, कोरेगाव तालुक्यातल्या वस्तीवरचा, घरापासून साठेक पावलांवर, वर पत्रा आणि खाली कोबा, तोही कायम ओला. आई धार काढायला बसलीये आणि ही तांबडी बघा, गव्हाणीत पेंड टाकलीये तरी तोंड घालत नाही, मागचे पाय सारखे उचलतीये. डॉक्टर येऊन कास तपासून गेले, दगडी नाही, ताप नाही, काहीच नाही. सगळे म्हणाले गाय नाठाळ झालीये, विकून टाका.

मला खरं काय ते कळलं डेअरीच्या पावत्यांवरून. आई सगळ्या पावत्या खुंटीला टोचून ठेवते, त्या मी तारखेप्रमाणे लावल्या तर दिसलं की सकाळचं दूध एक आठवडा नीट आणि पुढचा आठवडा लिटर दीड लिटरनं कमी, असं आलटून पालटून चाललंय, आणि संध्याकाळच्या धारेला काहीच फरक नाही. आता आमच्याकडं आठवड्या-आठवड्यानं काय बदलतं, तर शेतीपंपाची थ्री फेज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. पण गोठ्याची लाईट तर घरातनं येते असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

म्हणून त्या दिवशी सकाळी सगळं मुळापासून बघायचं ठरवलं. घरातल्या बोर्डावर चार एमसीबी आहेत, एकावरही नाव नाही. मी एकेक पाडत गेलो आणि धाकटा भाऊ गोठ्यातनं ओरडून सांगत होता, तिसरी पाडली तशी ट्यूब गेली. भाऊ म्हणाला झालं काम, आणि कोपऱ्यातल्या कालवडीच्या बल्बच्या होल्डरला टेस्टर लावला, तोही पेटला नाही. इथंच माणसं फसतात. तो आठवडा रात्रपाळीचा होता, दिवसा त्या वायरीत लाईट नव्हतीच, तर टेस्टर पेटणार कसा? लाईट नसणं वेगळं आणि लाईट तोडलेली असणं वेगळं, हे मी त्या दिवशी भावाला चार वेळा सांगितलं असेल.

मग वायरच धरून चालत गेलो, म्हणजे हात न लावता, नुसती नजरेनं. ट्यूबची वायर कडुलिंबावरनं घराकडं जाते, ती दिसते सगळ्यांना. पण बल्बची दुसरी वायर पत्र्याखालनं मागं निघते, तारेच्या कुंपणाला सुतळीनं बांधलीये, दोन ठिकाणी जोड, वर टेप सुटलेली, आणि उसाच्या कडेकडेनं थेट विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत. स्टार्टरच्या अलीकडं एका फेजला गुंडाळलेली. आणि ती एकच तार होती! न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, कुठंय म्हणून परत गोठ्यात आलो तर होल्डरची दुसरी तार गव्हाणीच्या बुडाशी ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधलेली.

हे आपल्याकडं लई ठिकाणी चालतं. मोटरला तीन फेज पुरतात, न्यूट्रल लागत नाही, मग बल्बसाठी जमिनीतच सळई ठोकायची. बल्ब पेटतो, पण त्याचा करंट त्या सळईतनं ओल्या जमिनीत पसरतो, आणि सळईजवळ व्होल्टेज जास्त, लांब गेलं की कमी. गाय उभी राहते ती पुढचे पाय सळईपाशी आणि मागचे पाच फूट मागं मुतात शेणात, म्हणजे तो फरक सगळा तिच्या अंगावर येतो आणि करंट अंगातनं जातो. आपण चपलेवर असतो म्हणून आपल्याला मुंग्यासुद्धा येत नाहीत. रात्री मल्टिमीटर लावला तेव्हा गव्हाणीचं लोखंड आणि मागची ओली जमीन यात ११ व्होल्ट दाखवत होता. फ्यूज उडत नाही, कारण बल्बच अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. आणि ती सळई गंजून तुटली असती तर तारेच्या मोकळ्या टोकाला जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट आले असते.

तोडायचं कसं, तर घरातली तिसरी एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, गोठ्यात काम चालू आहे. मोटरच्या पेटीत आधी ऑटो स्विच बंद केला, नाहीतर लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते, मग तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात घातले, पेटीत ठेवले नाहीत, कुणी चांगल्या मनानं परत बसवू नयेत म्हणून. किटकॅटच्या वरची बाजू तरीही जिवंतच राहते. ती फक्त डीपीवरनं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, बंद होते आणि तिथं लाईनमनशिवाय कुणी हात घालायचा नाही. डीपीवर फ्यूज टाकायला गेलेली माणसं आपल्या भागात जिवानिशी गेलेली आहेत.

मग पुढच्या रात्रीची वाट बघितली. लाईट आली तसा मीटर पहिल्यांदा पेटीत, जिवंत बाजूला लावला, २३६. मग गोठ्यात होल्डरची तार ते सळई, शून्य, तार ते ओली जमीन, शून्य. परत पेटीत, २३६, म्हणजे मधल्या वेळात मीटर बिघडला नाही याची खात्री. त्यानंतरच वायर कापली.

पुढचं काम परवानावाल्या वायरमनकडनं करून घेतलं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बंद करणारा स्विच, करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरीसकट घरातनं नवीन केबल. १६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवते, जीव वाचवायला ती आरसीसीबी लागते.

सळई मी सकाळी उपटली, हातभर लांब, खालचं टोक गंजून सुईसारखं झालेलं. आई तोवर पेंड टाकून बसली होती. तांबडीनं आधी गव्हाणीचा काठ हुंगला, बराच वेळ, मग तोंड घातलं.