कर्णबधिर मुलांसाठी चौकटी लिहिताना

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, बी.एड.ला आपण सगळ्यांनीच क्रमान्वित अध्ययनावर, म्हणजे छोट्या छोट्या चौकटी सोडवत पायरीपायरीनं शिकण्याच्या पद्धतीवर, टीप लिहिली आणि परीक्षेनंतर तो विषय सोडून दिला. कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्यांनी तरी तो सोडू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

ही पद्धत रुजवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांची उदाहरणं केव्हाच सोडवून झालेली, काहींना ती सुटतच नव्हती. आणि आपलं बरोबर की चूक, हे कुणालाच लगेच कळत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी अध्यापन यंत्राची कल्पना मांडली. एका चौकटीत थोडा मजकूर, एक रिकामी जागा. मुलानं उत्तर लिहायचं, लगेच पडताळायचं, आणि आपल्या वेगानं पुढं जायचं.

कर्णबधिर मुलाला याचा फायदा उघड आहे. शिक्षक फळ्याकडे वळले की त्यांचे ओठ दिसेनासे होतात. दिसले तरी ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ ओठांवर सारखेच! चौकट मात्र डोळ्यांसमोर राहते. अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘प्रोजेक्ट लाइफ’मध्ये कर्णबधिर मुलांना भाषा शिकवायला अशा चौकटींच्या फिल्मपट्ट्या तयार झाल्या, त्या याच कारणानं.

पण खरी अडचण पुढेच आहे. ही चौकट बघा: ‘उष्णता दिली की पाण्याची ____ होते.’ पर्याय दोन, वाफ आणि बर्फ. ऐकू येणाऱ्या मुलाला विज्ञान येत नसलं तरी चालतं. ‘पाण्याची बर्फ होते’ हे त्याच्या कानालाच खटकतं; ‘ची’ आणि ‘होते’ यांनी उत्तर आधीच फोडलेलं असतं. कर्णबधिर मुलानं घरी पातेल्यातून निघणारी वाफ रोज पाहिलेली असते, पण तिचं नाव कुणी खुणेनं किंवा लिहून सांगितलं नसेल, तर ती जागा कोरी राहते. मग दोन्ही गटांना एकच चाचणी देऊन गुणांची तुलना करायची आणि ‘कर्णबधिर मुलं विज्ञानात मागे’ असा निष्कर्ष काढायचा, हा अन्याय आहे. त्या गुणांत विज्ञान किती आणि मराठी किती, हे आधी वेगळं काढा.

त्यासाठी शब्द चौकटीच्या आधी यायला हवा: चित्र, खूण आणि लिहिलेला शब्द, तिन्ही एकत्र. वाक्य छोटं, कर्ता स्पष्ट. ‘पाणी तापवले जाते’ नको, ‘आई पाणी तापवते’ लिहा. प्रत्ययावरून उत्तर ओळखता येईल अशी रिकामी जागा ठेवू नका. ऐकू येणाऱ्या मुलांचंही त्यात नुकसानच होतं, कारण विचार न करता त्यांना शाबासकी मिळते.

मूल चुकलं तर आधी चौकट तपासायची, ही स्किनर यांची शिस्त. सुरुवात मोठ्या घटकानं करू नका. परिसर अभ्यासातला एकच भाग घ्या, त्याच्या दहा-बारा चौकटी लिहा आणि एकेका मुलाशेजारी बसून सोडवून घ्या. पेन्सिल जिथं थांबेल, तिथं खूण करा आणि ती चौकट पुन्हा लिहा.