साल्हेरच्या माथ्यावर एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की माझे पाय डोंगरासाठी शिवशिवायला लागतात. यंदा जानेवारीत आम्ही पाच मित्र साल्हेरला जाऊन आलो. नाशिक जिल्ह्यात, पार बागलाणच्या टोकाला हा किल्ला आहे. पलीकडे गुजरातचं डांग. उंची १५६७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या खालोखाल राज्यातलं दुसरं शिखर, आणि किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच.

वाघांबे गावातून निघालो तेव्हा उजाडलं होतं, पण ऊन अजून डोंगराआडच होतं. कांद्याच्या पातीवर दव, तोंडातून वाफा, कानटोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या. साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीकडे चढताना मात्र तासाभरात स्वेटर कमरेला आले. हिवाळ्यात या वाटेवर जपावं लागतं ते घसाऱ्याला. पावसाळ्यातलं हिरवं गवत आता वाळून पिवळं झालेलं, खाली सुटी माती आणि बारीक खडे. आमच्यातला एकजण तिथे सटकला आणि त्याचं ढोपर चांगलंच सोललं. मग त्याला मध्ये घेतलं आणि त्याच्या चालीनं सगळे चाललो.

खिंडीनंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. एका पायरीवर मी बसलोच. मधोमध खोलगट झालेली, कडेला मात्र छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट. त्या घावांत बोट बसतं. पुढे दरवाजे, कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट, ओळीनं कोरलेल्या गुहा, आणि मग वरच्या पठारावर गंगासागर तलाव. तिथे भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. जखमी मित्रानं ढोपर धुतलं आणि म्हणाला, आता माथा गाठल्याशिवाय खाली जायचं नाही.

माथ्यावर परशुरामाचं छोटंसं मंदिर आहे, आत पादुका. इथूनच बाण सोडून परशुरामानं समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, असं लोक सांगतात. वारा इतका बोचरा की मंदिराच्या आडोशाला बसूनच बोलावं लागलं. पण हवा स्वच्छ होती. समोर सालोटा, पलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगीचे सुळके, आणि पश्चिमेला डांगची रानं उतरत गेलेली.

श्रोतेहो, साल्हेरची लढाई मला खरी कळली ती तिथे. पुस्तकात वाचताना नेहमी वाटायचं, इतक्या आडबाजूच्या डोंगरासाठी एवढं रक्त का सांडलं? वरून पाहिलं की उत्तर समोर पसरलेलं असतं. सुरतेकडून दख्खनेत येणारा माणूस या डोंगरांच्या नजरेतून सुटत नाही. १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज याच बागलाणातून परतले. पुढे मोगलांनी साल्हेरला वेढा घातला, आणि १६७२ च्या फेब्रुवारीत मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी खालच्या मोकळ्या रानात तो मोडून काढला. सूर्याजी काकडे तिथेच पडले. महिना फेब्रुवारी, म्हणजे गवत असंच पिवळं असणार, माती अशीच सुटी. आम्ही पाचही जण बराच वेळ खाली बघत राहिलो.

२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे. जाणार असाल तर पहाटेच निघा. दिवस लहान असतो आणि उतरताना तोच घसारा पुन्हा लागतो. आम्ही गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सकाळी ज्यांच्या ओट्यावर पिशव्या ठेवल्या होत्या, त्या आजींनी आधी ढोपर पाहिलं, आत जाऊन हळद आणली, आणि मग विचारलं, "परशुरामाचं दर्शन झालं ना?"