पांढरं पांढरंच दिसायला हवं

(पणजीचं चर्च. सकाळ. पायऱ्या रिकाम्या.)

फोटोग्राफीच्या प्राथमिक वर्गाचा तिसरा रविवार. दहा-बारा जणांनी एकाच जागेवरून फोटो काढलाय आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर हे शुभ्र चर्च करडं आलंय, पावसाळी आभाळासारखं.

कॅमेरे बिघडलेले नाहीत. समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असं धरूनच कॅमेऱ्यातला मीटर उजेड मोजतो. पांढरी भिंत दिसली की त्याला उजेड जास्त वाटतो, आणि तो कमी करून टाकतो. काळी म्हैस याच हिशेबाने राखाडी होते. सर सांगतात, "एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एकवर न्या." म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण मुद्दाम भर घालायची. डायल फिरतो, क्लिक होतं, आणि चर्च पांढरं. "अगो बाय!" एका काकींच्या तोंडून निघून जातं.

अधिक एक म्हणजे उजेड दुप्पट. ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक केवढं उघडं, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत, आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील; तिघांचाही व्यवहार दुपटी-निमपटीचा. ॲपर्चर एफ/४ वरून एफ/५.६ वर नेलंत की उजेड निम्मा. तो भरून काढायला शटर १/२५० सेकंदाचं १/१२५ करा, नाहीतर आयएसओ २०० चा ४००. फळ्यावर हे तासभर चालतं. मला विचाराल तर ते रस्त्यावरच कळतं.

(फोंताइन्हास, पणजीचा जुना वाडा. तिथली गल्ली. भोंग्याचा आवाज: पोंऽ पोंऽ.)

पोदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलच्या मागे पावाची टोपली. शटर १/३० वर ठेवायचं, त्याच्याबरोबर कमरेतून वळत राहायचं, आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. जमलं तर पोदेर स्पष्ट येतो आणि मागच्या पिवळ्या-निळ्या भिंती पुसट रेघा होऊन जातात. पहिले वीस-पंचवीस फोटो वाया जातातच.

पण आधी सरांनी त्याला थांबवून विचारलं, उंडे (गोल पाव) घेतले, मगच कॅमेरे वर झाले. या वाड्यात काही घरांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या आहेत. लोक इथे राहतात, त्यांच्या खिडक्या म्हणजे कोणाच्या फोटोची सजावट नव्हे. हा धडा अभ्यासक्रमात पहिला हवा, असं मला मनापासून वाटतं.

(पाऊस. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या.)

आपल्याकडच्या दमटपणात चामडी पिशवीतली लेन्स बुरशी धरते. पावसाळ्यात लेन्स अशी डब्यात ठेवायची.

(चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घरातला देवाचा कोपरा.)

काकी आता पुढच्या वर्गात आहेत. आज विषय माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची आरास: आंबाडे, कांगलां, सुपारीचं शिपटं, आणि खाली समईचा उजेड. फ्लॅश मारला की भिंतीवर काळ्या सावल्या पडतात आणि समईचा पिवळेपणा मरतो. म्हणून फ्लॅश बंद, आयएसओ १६००, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं कच्चं चित्र. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उजेडाचा रंग नंतर सावकाश बसवता येतो.

काकी जमिनीवर बसल्यात, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. आरती संपते, माणसं पांगतात. सासूबाई वात सारायला वाकतात. ज्योत वर येते, कांगल्यांच्या घोसावर उजेड चढतो.

काकी श्वास रोखतात.

(क्लिक.)