पदवी घेतलीत? मग तुम्ही आमचे नाही! कॅनडातले मूलनिवासी आणि पीएचडीचा पैसा

नमस्कार मंडळी!

समजा, तुम्ही डॉक्टर झालात किंवा वकील झालात, अगदी विद्यापीठाची साधी पदवी घेतलीत. आणि सरकारने सांगितलं, आजपासून तुम्ही तुमच्या जमातीचे नाही. कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये हे चक्क कलम होतं. पदवी हातात पडली की 'इंडियन' (म्हणजे भारतीय नव्हे हं, तिथल्या कायद्यात मूलनिवासी) हा कायदेशीर दर्जा आपोआप जायचा. १८८० मध्ये ही सक्ती निघाली. पण असल्या गोष्टी कुठलाही समाज चार वर्षांत विसरत नसतो. म्हणून आज तिथे मूलनिवासी विद्यार्थ्याच्या एमए-पीएचडीला पैसे मिळतात, तेव्हा 'बघा, किती उपकार' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आता हा पैसा येतो कसा ते बघू. मुख्य सरकारी योजनेचं नाव पोस्ट-सेकंडरी स्टुडंट सपोर्ट प्रोग्राम. फी, पुस्तकं, प्रवास, राहण्याचा खर्च, सगळं यात बसतं. ही योजना फर्स्ट नेशन्स, म्हणजे कॅनडातल्या मूलनिवासींच्या सर्वांत मोठ्या गटातल्या, 'इंडियन' दर्जाची सरकारी नोंद असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इनुइट (उत्तरेकडच्या आर्क्टिक भागातले) आणि मेटी (मूलनिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे) या दुसऱ्या मूलनिवासी समाजांसाठी वेगळी तरतूद झाली ती थेट २०१९ च्या अर्थसंकल्पात.

पैसे बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या बँडमार्फत येतात. बँड म्हणजे इथे वाजंत्री नव्हे हं, फर्स्ट नेशनचं स्थानिक शासन. कुणाला आधी द्यायचे, तेही बँडच ठरवतो.

गोम इथेच आहे. १९९६ मध्ये सरकारने या निधीच्या वाढीला वर्षाला २ टक्क्यांची वेसण घातली, ती जवळपास २० वर्षं राहिली. तरुणांची संख्या वाढत गेली, फी वाढत गेली, पैसा मात्र २ टक्क्यांनीच.

आता तुम्ही बँडच्या शिक्षण अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसा. समोर दोन अर्ज. एक, नुकतीच शाळा संपवलेली मुलगी, घरातली पहिलीच कॉलेजला निघालेली. दुसरा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली बाई, पदरात दोन मुलं. पैसे एकीपुरतेच. सांगा, कुणाला नाही म्हणाल? मला तरी पीएचडीवालीच मागे पडताना दिसते.

मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली ११ वी नेमकी हीच: पुरेसा निधी द्या आणि ताटकळलेल्या विद्यार्थ्यांची रांग संपवा. दरम्यान इंडस्पायरसारखी राष्ट्रीय संस्था शिष्यवृत्त्या देते, विद्यापीठं आपापल्या फेलोशिप देतात. म्हणजे विद्यार्थ्याने संशोधन करायचं की अर्ज भरत बसायचं?

बरं, पैसा मिळाला तरी आख्ख्या विभागात तुमच्यासारखे तुम्ही एकटेच असाल तर? ब्रिटिश कोलंबियात यावर सेज नावाचं जाळं उभं राहिलं. मूलनिवासी संशोधक, त्यांचे मार्गदर्शक, एकत्र बसून लिहिणं, जेवणं. मूळ कल्पना न्यूझीलंडच्या माओरी विद्वानांची.

पण माझा आवडता किस्सा टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठाचा. २०१० मध्ये फ्रेड मेटालिक यांनी पीएचडीचा प्रबंध आपल्या मिगमाक भाषेत लिहिला. नियमात तशी सोयच नव्हती, ती करावी लागली. आणि तोंडी परीक्षा झाली कुठे? क्वेबेकमधल्या लिस्टुगुज या त्यांच्या गावात, समाजातल्या वडीलधाऱ्यांसमोर, पारंपरिक विधींसह. परीक्षकच उठून गावी गेले!

आता हे सगळे पैसे खऱ्या मूलनिवासी विद्यार्थ्यालाच मिळतायत हे ठरवायचं कसं? नुसतं 'मी आहे' म्हणून चालायचं, तिथे आता काही विद्यापीठं कागद मागायला लागलीत. त्यावरून बरीच भांडणं झाली आहेत. ती पुढच्या भागात.